क्रमिकांचे आलेख: संगणकाने जोडलेली रेषा, आपल्याला हवे असलेले ठिपके आणि आवर्ती सूत्रे

खडूफळा (धागाकर्ती)

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. गेल्या आठवड्यात अकरावीच्या वर्गात क्रमिका (ठरावीक नियमाने एकामागून एक येणाऱ्या संख्या, म्हणजे पदे) शिकवताना एक अडचण आली, ती येथे सविस्तर मांडते. सूत्रांमध्ये मी चल म्हणून ‘न’ लिहीत आहे. प्रत्यक्ष टाइप करताना अर्थातच इंग्रजी एन वापरावा लागतो.

मला प(न) = २ + (−१)^न / न ही क्रमिका दाखवायची होती. तिची पदे १, २.५, १.६६७, २.२५, १.८ अशी एकदा २ च्या खाली आणि एकदा वर पडत पडत २ च्या जवळ जातात, म्हणून सीमा ही कल्पना समजावायला मला ती फार आवडते. डेस्मॉस या आलेख काढणाऱ्या साधनात मी (−१)^न च्या जागी कोसाइन(न × पाय) घातले (पाय म्हणजे π), कारण पूर्ण संख्यांसाठी दोन्हींची किंमत एकच येते, आणि ‘न’ ऐवजी क्ष लिहिले. पडद्यावर हळूहळू शांत होत जाणारी सुंदर लाट उमटली. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, अडीचावे पद बरोबर २ आहे. मग क्रमिका तिथेच सीमेला पोचली, असे म्हणायचे का?”

तिचे वाचन अचूक होते. लाट २.५ ला, ३.५ ला, ४.५ ला, प्रत्येक अर्ध्यावर २ ची रेषा छेदत होती. मात्र अडीचावे पद नावाची वस्तूच नाही, आणि ती मुलीला दिसण्याचे कारण माझा आलेख होता. तास संपला, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. फक्त ठिपके कसे काढावेत? मागच्या पदावरून पुढचे पद देणारे, म्हणजे आवर्ती सूत्र कसे भरावे? आणि सीमा पटवून देण्यासाठी किती पदे दाखवावीत?

कोष्टक

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. डेस्मॉसमध्ये पहिल्या ओळीत न = [१...३०] अशी यादी लिहावी (मध्ये तीन टिंबे), आणि दुसऱ्या ओळीत (न, २ + (−१)^न / न) असा बिंदू लिहावा. यादीतल्या प्रत्येक संख्येसाठी एक, असे तीस सुटे ठिपके येतात. कोसाइनची गरजच उरत नाही, कारण आता न ला पूर्ण संख्यांखेरीज दुसरी किंमत मिळत नाही. जिओजेब्रा या तशाच दुसऱ्या साधनात याच कामासाठी ‘सिक्वेन्स’ ही आज्ञा आहे: कंसात आधी बिंदू, मग चलाचे नाव, मग सुरुवात आणि शेवट.

यादीच्या शेवटी ३० ऐवजी एखादे अक्षर ठेवून त्याचा स्लायडर करावा. स्लायडर सरकवला की ठिपके एकेक करून येतात, आणि पुढचा ठिपका कुठे पडेल हे मुलांना आधी विचारता येते. माझ्या मते तयार आलेख दाखवण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

आवर्ती सूत्रासाठी मी नेहमी स्प्रेडशीटकडे वळतो. पहिल्या रकान्यात क्रमांक, दुसऱ्यात पद. पहिली एक-दोन पदे हाताने लिहायची, पुढच्या चौकोनात वरच्या चौकोनांवरून सूत्र द्यायचे आणि ते खाली ओढायचे. चित्र निवडताना मात्र ‘लाइन’ न निवडता ‘स्कॅटर’ निवडावे आणि त्यातही केवळ ठिपक्यांचा प्रकार घ्यावा. नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’मधला (१३५६) गाई-वासरांचा प्रश्न यासाठी उत्तम आहे. तिथे प्रत्येक पद म्हणजे लगतचे मागचे पद आणि तीन घरे मागचे पद यांची बेरीज: १, १, १, २, ३, ४, ६, ९, १३, १९. साध्या अक्षावर हे ठिपके आधी जमिनीला चिकटलेले आणि मग एकदम आकाशात गेलेले दिसतात. उभा अक्ष लॉगरिदमी (सारख्या अंतराला सारखी पट दाखवणारा) केला की सुरुवातीची काही पदे सोडता ते सरळ रेषेत येतात, कारण लगतच्या पदांचे गुणोत्तर सुमारे १.४६५६ वर स्थिरावते.

आवर्तन

मूळ प्रश्न फार चांगला आहे, आणि त्या विद्यार्थिनीचे मी मनापासून कौतुक करतो. मी अनेक वर्षे महाविद्यालयात विश्लेषण शिकवले. सीमेची व्याख्या पाठ असलेले, पण तिचा अर्थ न कळलेले विद्यार्थी मला दरवर्षी भेटत असत. ही मुलगी व्याख्येच्या आधीच अर्थापाशी येऊन उभी आहे.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल सांगतो. किती पदे दाखवावीत, यापेक्षा कोणता पट्टा दाखवावा असे विचारावे. डेस्मॉसमध्ये १.९ ते २.१ हा आडवा पट्टा असमानतेने रंगवावा आणि विचारावे, कितव्या पदापासून एकही ठिपका पट्ट्याबाहेर पडत नाही? दहावे पद २.१ आहे, म्हणजे अगदी काठावर. अकराव्यापासून पुढचे सगळे ठिपके आत. पट्टा १.९५ ते २.०५ असा अर्धा केला की तेच उत्तर एकविसाव्या पदावर जाते. पट्टा कितीही अरुंद करा, कुठले ना कुठले पद सापडतेच, ही सीमेची व्याख्या मुले स्वतःच बोलून दाखवतात.

मात्र आलेखावरून सीमा ‘दिसली’ म्हणून ती आहेच, असे कधीही समजू देऊ नये. १ + १/२ + १/३ + … या बेरजेच्या क्रमिकेचे पहिले शंभर ठिपके काढून पाहा. शंभरावी बेरीज ५.१८७ आहे, हजारावी ७.४८५. आलेख इतका सपाट होत जातो की बघणारा शपथेवर सांगेल, ही क्रमिका आठाच्या आसपास थांबणार. प्रत्यक्षात ती कुठेच थांबत नाही. १० ओलांडायला तिला १२,३६७ पदे लागतात. येथे आडवा अक्ष लॉगरिदमी करावा. मग ते ठिपके एका तिरप्या सरळ रेषेत येतात, न दहापट झाला की बेरीज सुमारे २.३ ने वाढते, आणि सपाटीचा भास नाहीसा होतो. सिद्धता अर्थातच वेगळी द्यावी लागते, पण शंका घेण्याचे काम आलेख करू शकतो.

अकरावीतला

सर, मी विद्यार्थी आहे. कोष्टक काकांनी सांगितल्याप्रमाणे मी न = [१...१०००] घेऊन (न, साइन न) चे ठिपके काढले. मला वाटले होते की विस्कटलेले ठिपके येतील, पण माझ्या मोबाइलवर अगदी गुळगुळीत लाट आली. मित्राच्या मोबाइलवर मात्र भलतेच काहीतरी आले, जाळीसारखे. दोघांनी तेच लिहिले होते. कोणाचे बरोबर?

कोष्टक

तुझ्या मोबाइलवर कोनाचे एकक अंशांमध्ये लावलेले असणार. तेव्हा ‘न’ चा अर्थ न अंश असा होतो, दर ३६० ठिपक्यांनंतर लाट पुन्हा येते, आणि हजार ठिपक्यांत जेमतेम पावणेतीन लाटा बसतात. ठिपके इतके जवळ पडतात की रेषाच दिसते. सेटिंगमध्ये जाऊन रेडियन कर. आडवा अक्ष ० ते १००० आणि उभा −१ ते १ असा ठेव, नाहीतर ठिपके एकाच आडव्या पट्टीत दबून जातील.

आवर्तन

ती ‘जाळी’ नीट पाहावी, असे मी सुचवतो, कारण त्यात शाळेतला एक जुना मित्र लपलेला आहे.

साइन दर २ पाय, म्हणजे सुमारे ६.२८३ ला पुन्हा तीच किंमत घेते. आपण पावले टाकतो एकेकाची. सहा पावलांनी पूर्ण फेरीला ०.२८३ कमी पडते. त्यामुळे पहिल्या शंभर ठिपक्यांत सहा वेगवेगळ्या लाटा एकमेकींत गुंफलेल्या दिसतात. आता चव्वेचाळीस पावले टाका. सात पूर्ण फेऱ्या म्हणजे १४ पाय, म्हणजे ४३.९८२३. चव्वेचाळीस पावले त्याच्या केवळ ०.०१७७ ने पुढे जातात. म्हणून १ ला, ४५ वा, ८९ वा, १३३ वा हे ठिपके जवळपास त्याच उंचीवर, अगदी हळू सरकत जातात. हजार ठिपक्यांत असे ४४ धागे तयार होतात आणि त्यांच्या छेदण्यातून ती जाळी उभी राहते. ४४ पावले आणि ७ फेऱ्या: ४४ भागिले १४, म्हणजे २२/७. पाय ची किंमत म्हणून लहानपणी आपण जी घोकली, ती येथे डोळ्यांनी दिसते.

आता हेच ठिपके जोडून पाहा. पडदा एका सलग पट्ट्याने भरून जातो आणि २२/७ कुठल्या कुठे नाहीसे होते. खडूफळा ताईंच्या आलेखात रेषेने नसलेले पद दाखवले. येथे तीच रेषा असलेली रचना झाकते.

अकरावीतला

रेडियन केल्यावर दिसले! मी १, ४५, ८९ अशी दर ४४ पावलांनी एक ठिपका घेणारी वेगळी यादी करून तिला लाल रंग दिला, तर जाळीतला एकच धागा उठून दिसतो. धन्यवाद सर.

सागरापार

मी अमेरिकेत शाळेत गणित शिकवतो. इथे मुलांच्या हातात बहुधा टीआय-८४ कॅल्क्युलेटर असतो, म्हणून त्याबद्दल थोडे लिहितो. भारतातही काही आंतरराष्ट्रीय शाळांतल्या मुलांना त्याचा उपयोग होईल. त्यात ‘मोड’मध्ये ‘सीक्वेन्स’ निवडले की सूत्रांच्या पडद्यावर यू(न), व्ही(न), डब्ल्यू(न) अशा क्रमिकांच्या जागा येतात. पहिल्या पदाचा क्रमांक आणि पहिले पद द्यायचे आणि यू(न) समोर यू(न−१) वापरून सूत्र लिहायचे. आवर्ती सूत्र इतक्या सरळपणे लिहू देणारी सोय मला फार मोलाची वाटते. या मोडमध्ये आलेख मुळातच ठिपक्यांचा येतो.

‘फॉरमॅट’मध्ये ‘टाइम’ ऐवजी ‘वेब’ निवडले की वेगळाच आलेख मिळतो. आडव्या अक्षावर मागचे पद, उभ्यावर पुढचे पद, आणि सोबत तिरपी रेषा, जिच्यावर दोन्ही पदे सारखी असतात. ‘ट्रेस’ दाबून उजवा बाण दाबत गेले की कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ उमटत जाते. इथे मात्र ठिपके जोडलेले असतात. तेव्हा ‘ठिपके जोडूच नयेत’ हा नियम सरसकट लावता येईल का?

आवर्तन

आपला आक्षेप योग्य आहे. या जाळ्यात उभी रेघ म्हणजे ‘सूत्र लावले’ आणि आडवी रेघ म्हणजे ‘आलेले उत्तर पुन्हा सूत्रात घालण्यासाठी तिरप्या रेषेपर्यंत आणले’. दोन्ही रेघांना कृतीचा अर्थ आहे. म्हणून मी नियम असा सांगेन: काढलेली रेघ कशाची आहे हे तोंडाने सांगता येत असेल तर ती काढावी; सांगता येत नसेल तर काढू नये. ‘टाइम’च्या साध्या आलेखात तिसऱ्या आणि चौथ्या ठिपक्यांमधली रेघ कशाची, याचे उत्तर नसते.

जाळ्याचा खरा उपयोग र × क्ष × (१ − क्ष) या सूत्रात होतो; क्ष म्हणजे मागचे पद आणि र ही आपण ठरवून घेतलेली संख्या. प्राण्यांच्या संख्येत पिढीगणिक होणारे चढउतार समजून घेण्यासाठी रॉबर्ट मे यांनी १९७६ साली ‘नेचर’मध्ये याच सूत्रावर प्रसिद्ध लेख लिहिला. र = २.८ घेतल्यास ठिपके ०.६४२९ वर स्थिरावतात. र = ३.२ केल्यास ते ०.५१३० आणि ०.७९९५ या दोन किमतींमध्ये कायम उड्या मारतात; र = ३.५ ला चार किमती होतात. ३.२ चा आलेख जोडला की करवतीचे दाते दिसतात आणि काही हाती लागत नाही. सम क्रमांकांची यादी एका रंगात आणि विषम क्रमांकांची दुसऱ्या रंगात काढली, तर दोन शांत, आडव्या ओळी दिसतात: एका क्रमिकेच्या पोटात दोन अभिसारी, म्हणजे एकेका किमतीकडे जाणाऱ्या, उपक्रमिका.

१, २, ४, ८ असे हे दुप्पट होणे र च्या अधिकाधिक जवळच्या किमतींना घडते, आणि लगतच्या अंतरांचे गुणोत्तर ४.६६९ च्या दिशेने जाते. मिचेल फायगेनबॉम यांना ते १९७५ मध्ये एचपी-६५ या हातात मावणाऱ्या कॅल्क्युलेटरवर आकडेमोड करताना सापडले. त्याला पडदा होता तो फक्त आकड्यांचा. एकेक आकडा येईपर्यंत थांबावे लागे, म्हणून पुढचा आकडा कोणता येईल याचा अंदाज ते बांधू लागले. ठिपक्यांचा स्लायडर सावकाश सरकवण्याचा जो सल्ला कोष्टक यांनी दिला, त्याचे महत्त्व मला या प्रसंगामुळे अधिक वाटते.

कोष्टक

याच सूत्राबद्दल स्प्रेडशीट वापरणाऱ्यांना एक धोक्याची सूचना द्यायला हवी. र = ४ घ्या, सुरुवात ०.१ ने करा. एका रकान्यात ४ × क्ष × (१ − क्ष) लिहा आणि शेजारच्या रकान्यात तेच सोडवून ४ × क्ष − ४ × क्ष × क्ष लिहा. बीजगणिताने दोन्ही एकच आहेत. पहिले तीसेक ठिपके एकावर एक बसतात. साधारण पन्नास-साठ पायऱ्यांत ते वेगळे होतात आणि नंतर एकमेकांशी काही संबंध राहत नाही. कारण असे की संगणक संख्या ५३ द्विमान अंकांपर्यंतच जपतो, शेवटच्या अंकातली चूक येथे प्रत्येक पायरीला सरासरी दुप्पट होते, आणि ५३ वेळा दुप्पट झालेली ती चूक उत्तराएवढीच मोठी होते. त्यापुढचे ठिपके दिसायला तितकेच ठळक असतात, पण ते आपण दिलेल्या सुरुवातीचे नसतात.

उलट टोकाचे उदाहरण २ च्या वर्गमुळाचे. क्ष च्या जागी (क्ष + २/क्ष) / २ घालत गेल्यास १, १.५, १.४१६६६७, १.४१४२१६ अशी पदे मिळतात. तिसऱ्या ठिपक्यानंतर आलेख सपाट, म्हणजे शिकवायला काहीच उरत नाही. म्हणून मूळ पदाऐवजी, पद आणि २ चे वर्गमूळ यांतल्या फरकाचा (दहाच्या पायाचा) लॉग काढावा. दुसऱ्या पदापासून तो −१.०७, −२.६१, −५.६७, −११.८० असा येतो. प्रत्येक ठिपका आधीच्यापेक्षा दुपटीहून अधिक खोल: म्हणजेच दर पायरीला बरोबर असलेले दशांश अंक सुमारे दुप्पट होत आहेत. पुढच्या पायरीला यंत्राची अचूकता संपते. फरक शून्य आला तर लॉग निघत नाही आणि चौकोनात चूक दाखवली जाते. ती सूत्राची चूक नव्हे.

अकरावीतला

मी स्प्रेडशीटवर कापरेकरांचा ६१७४ करून पाहिला: चार अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतल्यावर ३०८७, ८३५२, ६१७४ असे बरोबर आले. पण २१११ घेतल्यावर दुसऱ्याच ठिपक्याला ९९९ आणि तिसऱ्याला थेट ० आला. मी सूत्र तीनदा तपासले आहे.

आवर्तन

सूत्र बरोबर असेल. हरवले आहे ते शून्य. २१११ − १११२ = ०९९९. स्प्रेडशीट सुरुवातीचे शून्य टाकून देते, मग ९९९ मधून ९९९ वजा होऊन शून्य उरते. अंक वेगळे करण्यापूर्वी संख्येला चार घरांचा मजकूर करावा, म्हणजे ०९९९ असेच राहील. मग ९९९० − ०९९९ = ८९९१, त्यानंतर ८०८२, ८५३२ आणि ६१७४.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचा जन्म डहाणूचा, आणि नाशिकजवळच्या देवळालीला त्यांनी १९३० ते १९६२ शाळेत शिकवले. त्यांनी हे सारे कागदावर केले. चारही अंक सारखे नसले, तर कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ला येते. पूर्ण सात पायऱ्या पाहायच्या असतील तर १००४ घ्या: ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. येथे कोणताही पट्टा अरुंद करत न्यावा लागत नाही. ठिपके वरखाली फेकले जातात आणि एका क्षणी थांबतात ते कायमचे.

खडूफळा (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काल दोन तास जोडून मिळाले, त्याचा वृत्तांत लिहिते.

पहिल्या तासाला जुनीच क्रमिका ठिपक्यांनी दाखवली. पट्टा रंगवला, आणि ‘अकराव्या पदापासून’ हे उत्तर मागच्या बाकावरून आले. अडीचाव्या पदाचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी पुढे बोलावले आणि तिच्याकडून न = [१...३०] लिहून घेतले. जुनी लाट फिक्या रंगात मागे ठेवली होती. ठिपके लाटेवर बसलेले दिसले, पण २ च्या रेषेवर एकही नव्हता. ती म्हणाली, “म्हणजे ही कधी पोचतच नाही, तरी सीमा २ च.” मी फळ्यावर काहीही न लिहिता तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले.

दुसऱ्या तासाला प्रत्येकाने आपल्या आवडीची चार अंकी संख्या घेऊन हातानेच वजाबाक्या केल्या, शून्य जपून, आणि मी त्या एकाच आलेखात भरल्या. इथे मला एक तडजोड करावी लागली: इतक्या संख्यांचे ठिपके एकत्र पडल्यावर कोणता कोणाचा हे कळेना, म्हणून प्रत्येकाचे ठिपके बारीक तुटक रेषेने जोडले. आवर्तन सरांचा नियम आठवून मी विचारले, ही रेघ कशाची आहे? उत्तर त्याच मुलीने दिले, “ही पदे नाहीत मॅडम, कोणाचे पद कोणाकडे गेले ते फक्त दाखवते.” ते मला मान्य आहे. सातव्या पायरीच्या उभ्या रेषेवर सगळ्या तुटक रेघा एकाच ठिपक्यात आल्या होत्या आणि त्यापुढे नुसती आडवी ओळ होती. एका मुलाच्या संख्येची रेघ पहिल्या ठिपक्यापासूनच आडवी होती. त्याने ६१७४ च घेतली होती.